सकाळच्या लेंड्या: सशाचं पोट कसं चालतं आणि कशानं अडतं

सशाची एक लेंडी उचला आणि दोन बोटांत चुरगाळून पाहा. आत बारीक कुटलेलं गवत दिसेल. रंग फिकट तपकिरी, कोरडी, वास जवळजवळ नाहीच. आकार हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा, गोल, आणि सगळ्या लेंड्या एकीसारखी दुसरी. चांगला खातापिता मोठा ससा अशा साधारण २०० ते ३०० लेंड्या दिवसभरात टाकतो. हे चित्र डोळ्यांत पक्कं बसवून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं आहे.

गाय दुखलं की हंबरते, शेळी दावणीला ओरडते. ससा गप्प बसतो. तो शिकार होणारा प्राणी आहे, आणि दुखणं दाखवलं की कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडी जायचं, हे त्याच्या रक्तात आहे. तो कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेला आपल्याला दिसतो तेव्हा निम्मा दिवस हातचा गेलेला असतो. लेंड्या मात्र त्याच्या आधी सांगतात. त्या कमी झाल्या, लहान झाल्या, काळ्या पडल्या, की पोटात काहीतरी बिघडतंय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कापूस-तुरीच्या पट्ट्यात. आठवडी बाजारात पांढरे ससे टोपल्यात घालून विकायला येतात आणि पोरं हट्ट करून आणतात. मग सपरीत एक खोकं, नाहीतर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी जागा, आणि घरात जे उरेल ते खायला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अवं, बकरीवानीच हाय ते, काईबी खाते." त्यांच्यावर राग नाही, मलाही तसंच वाटायचं. लेंड्या दिसायलाही सारख्याच. पण शेळीचं पोट आणि सशाचं पोट यांची रचना पार उलटी आहे, आणि ती एकदा समजली की काय द्यायचं आणि काय नाही हे पाठ करावं लागत नाही.

शेळी चारा गिळते, तो आधी पुढच्या मोठ्या पोटात आंबतो, मग ती रवंथ करते आणि मग पुढचं पचन होतं. म्हणजे आंबवण्याचा रांजण तिच्याकडे पुढे आहे. सशाकडे तो मागे आहे. गवत आधी दातांखाली जातं. ससा जबडा आडवा फिरवत मिनिटाला शंभरेक वेळा चावतो, अगदी जात्यावर दळल्यासारखं. तिथून जठर, मग लहान आतडं. सहज पचणारं जे असेल ते तिथेच शोषलं जातं. उरलेला चोथा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी येतो आणि खरी कमाल तिथे होते.

सूप घेऊन धान्य पाखडणारी बाई डोळ्यांसमोर आणा. फोल एकीकडे, दाणा एकीकडे. सशाचं आतडं तसंच पाखडतं. गवताच्या जाड काड्या आणि साली पुढे ढकलल्या जातात आणि काही तासांत त्यांच्या कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी उलट मागे फिरवलं जातं, एका मोठ्या पिशवीत. वैद्यकात तिला अंधांत्र म्हणतात, म्हणजे पुढून बंद असलेलं आंधळं आतडं. माणसात ही पिशवी किरकोळ असते. सशात ती जठराहून कितीतरी मोठी असते, पोटातला जवळजवळ ४० टक्के ऐवज एकट्या तिच्यात मावतो. तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात. ते हा बारीक चोथा आंबवतात आणि त्यातून प्रथिनं आणि ब, के ही जीवनसत्त्वं तयार करतात.

पण हा रांजण मागे असल्यामुळे एक अडचण होते. शोषून घेणारं लहान आतडं तर पुढे राहिलं. तयार झालेला माल वाया जाऊ नये म्हणून ससा तो परत खातो. पिशवीतला ऐवज मऊ, काळपट, चकाकत्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो, द्राक्षाच्या बारक्या घोसासारखा, वर बुळबुळीत आवरण आणि वास उग्र. ससा मान वाकवून तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे, सगळं शांत असताना. त्यामुळे निरोगी सशाच्या या मऊ लेंड्या आपल्या नजरेलाच पडत नाहीत. पोरं हे पाहून "ई, घाण खाते" म्हणून त्याला हाकलतात. हाकलू नका. त्याचं ते दुसरं जेवण आहे आणि ते बंद पडलं तर तो रोडावतो.

आता चार गोष्टी आपोआप कळतात. ज्या जाड काड्यांतून सशाला पोषण जवळजवळ मिळत नाही, त्यांच्याच रेट्यावर त्याचं आतडं हलतं राहतं. काडी नाही तर रेटा नाही. दुसरं, त्या पिशवीतल्या जिवाणूंचा मेळ गवतावर बसलेला आहे. तिथे साखर किंवा पीठ पोचलं की नको ते जिवाणू फोफावतात, वायू होतो, विष तयार होतं. तिसरं, सशाला उलटी करता येत नाही. चुकीचं काही पोटात गेलं तर त्याला एकच वाट, पुढची. आणि चौथं, त्याचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात मुख्यतः गवत आडवं दळताना. मऊ अन्नावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, आणि मग खायची इच्छा असूनही तो खाऊ शकत नाही. तोंडाशी आणलेला घास खाली टाकणारा, हनुवटी लाळेनं ओली झालेला ससा दिसला तर दुखणं पोटाचं धरू नका, दाताचं असण्याची शक्यता मोठी.

आमचा पहिला ससा बोंड्या. पोरानं कपाशीच्या बोंडावरून नाव ठेवलं होतं. त्याचा लाड काय सांगू. सकाळी पोळीचा कुटका, चहाच्या वेळी बिस्किट, वावरातून आलं की मूठभर शेंगदाणे. गवतही मिळायचं, पण ते पोट भरल्यावर कोण खातं? काही आठवड्यांत त्याच्या शेपटीखाली काळा चिकट लगदा लागायला लागला. मी समजले हगवण आहे. रोज धुवायची, तेही थंडीत. आज कळतं की ती हगवण नव्हतीच. त्याच्या कोरड्या लेंड्या व्यवस्थित पडत होत्या. पिठासाखरेनं त्या मऊ लेंड्या पातळ झाल्या होत्या, शिवाय पोट भरलेलं आणि अंग सुटलेलं, त्यामुळे तो त्या खात नव्हता आणि त्यांच्यावरच बसत होता. बिस्किट-पोळी बंद करून नुसतं गवत दिलं असतं तर बहुधा निभावलं असतं.

मी गेले औषधाच्या दुकानात. तिथल्या माणसानं लहान मुलांच्या अँटिबायोटिकची गोड बाटली दिली, ससा लहान म्हणून डोस अर्धा सांगितला. दोन दिवसांत खरी हगवण सुरू झाली, पाण्यासारखी, शेंबडासारखं काहीतरी मिसळलेली. तिसऱ्या दिवशी पहाटे बोंड्या खोक्यात आडवा पडलेला होता. पोराला काय सांगावं ते मला सुचेना.

त्या बाटलीत अॅमॉक्सिसिलिन होतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, तसंच लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन, सशाच्या तोंडावाटे गेली की पिशवीतले उपयोगाचे जिवाणू मारतात. मोकळी झालेली जागा क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू घेतात आणि त्यांचं विष काही दिवसांत जीव घेतं. माणसाला, कुत्र्याला रोज दिलं जाणारं औषध सशाला असं मारतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. सशाला चालणारी अँटिबायोटिक आहेत, ती पशुवैद्यक निवडतात. घरातल्या फडताळातून सशाला काहीही देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांवर लावतात ते फिप्रोनिलचं औषधही सशाला लावू नका, त्यानंही ससे दगावतात.

तर मऊ लेंड्यांचा लगदा आणि खरी हगवण, हा फरक जीवनमरणाचा आहे. खोक्यात कोरड्या गोल लेंड्या आहेत आणि त्यासोबत मधूनमधून चिकट लगदा सापडतो, ससा चपळ आहे, खातो आहे, तर खाण्यात चूक आहे. गोड, पीठ, दाणा बंद करा, गवत वाढवा, आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडतो. पडला नाही तर दात, पाठीचं किंवा सांध्याचं दुखणं पाहावं लागतं, कारण म्हाताऱ्या सशाला मान तिथवर वाकवताच येत नाही. पण कोरडी लेंडी एकही नाही, सगळंच पाणी, ससा मलूल, तर घड्याळ बघत बसू नका. लहान पिलू असेल तर ते काही तासांत कोरडं पडतं.

पिलांबद्दल इथेच बोलते, कारण बाजारात मिळतात ती बहुतेक फार लहान असतात. मुठीत मावेल असं पिलू गोंडस दिसतं, पण त्याला आईचं दूध आणखी हवं असतं. सहा ते आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडलेल्या पिलाच्या पोटात जिवाणूंचा मेळ बसलेला नसतो. त्यात बाजाराची धावपळ, नवं खाणं. अशा पिलांना कॉक्सिडिया नावाचा परजीवी गाठतो. पोट फुगलेलं, पाठ निघालेली, हगवण, आणि तीन-चार दिवसांत एकामागून एक पिलू जातं. याची अंडी लेंड्यांतून पडतात, पण पडल्या पडल्या ती लागण करू शकत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली तर त्यांना पिकायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून खोकं रोज साफ करण्याला इतकं महत्त्व आहे. रोजच्या रोज झाडून कोरडं केलं की ती साखळी तिथेच तुटते. ससा मऊ लेंड्या ताज्या खातो त्यातून याची लागण होत नाही, ते याच कारणानं. कोंबड्यांना होणारा कॉक्सिडिया सशाला लागत नाही, सशाचा वेगळा. औषध आहे, लेंडी तपासून पशुवैद्यक देतात.

बाकीच्या लेंड्या ओळखायला सोप्या आहेत. केसात ओवलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या लेंड्या म्हणजे ससा केस टाकतो आहे आणि अंग चाटताना ते गिळतो आहे. रोज विंचरा, गवत आणि पाणी वाढवा, पुरे. आकार वेडावाकडा, टोकदार, नेहमीच्या निम्म्याएवढी आणि कडक, तर आतडं मंदावलं आहे. ही लेंडी मी सगळ्यात जास्त घाबरून पाहते. लेंडीवर पांढरा शेंबूड म्हणजे आतड्याला इजा, दाखवायलाच हवं. मूत्राची एक गोष्ट, कारण लोक त्यानं उगाच घाबरतात: सशाचं मूत्र कधी दुधाळ असतं, कारण जादा चुना तो मूत्रावाटे टाकतो, आणि कधी पाल्यातल्या रंगानं लालसर होतं. जोर देऊन मूत्र करत असेल, चुन्याच्या निवळीसारखा घट्ट साका पडत असेल किंवा खरंच रक्ताच्या गाठी दिसत असतील तर मात्र दाखवा.

आता खाण्याचं. शहरात लोक सशासाठी वाळलं गवत पाकिटात विकत घेतात. आपल्या धुऱ्यावर ते उभं असतं. सशाच्या खाण्यात पाचातले चार वाटे गवत हवं, हिरवं किंवा वाळलेलं, आणि ते दिवसरात्र समोर हवं. हराळी सशांना फार आवडते. मारवेल, पवन्या उत्तम. पोळ्याच्या सुमारास सगळीकडे हिरवं असतं तेव्हा एकदम भारा टाकू नका, वाळल्या चाऱ्यावरच्या सशाला चार-पाच दिवसांत वाढवत हिरव्यावर आणा. कुसळी गवत कुसळं धरायच्या आत कापा, नंतर तीच कुसळं तोंडात आणि डोळ्यात घुसतात. पावसाळा सरताना, गवत पूर्ण पिकण्याआधी कापून, उलटंपालटं करून खडखडीत वाळवा आणि माळ्यावर हवेशीर ठेवा. मी गेली काही वर्षं दोन सशांना उन्हाळाभर पुरेल एवढं दिवाळीच्या आसपास भरून ठेवते. बुरशीचा कुबट वास आला तर ते ढोरांनाही नको आणि सशाला तर नकोच.

वाळलेल्या कडब्याची पानं चालतात. पण ज्वारीचे कोवळे पोंगे, त्यातही पावसानं ओढ दिलेल्या वावरातले, नकोत. त्यात विष असतं, बैल दगावतात ते आपण पाहिलेलं आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तनस भरपूर, ते अंथरायला छान, खायला मात्र कसाला कमी. हरभऱ्याच्या, तुरीच्या कुटारात धूळ फार आणि दाणे राहिलेले असतात. लसूणघास वाढत्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको, चुना जास्त होतो. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, मेथी मूठभर द्या, एकेक करून. गाजर हे सशाचं अन्न अशी आपली समजूत चित्रांमुळे झाली आहे, खरं तर ते त्याच्यासाठी गोड आहे. बोटाच्या पेराएवढा तुकडा, कधीतरी. आपल्या संत्र्याचंही तेच.

सरकीच्या ढेपेबद्दल मी हात जोडून सांगते, देऊ नका. गाईम्हशींना ती चालते कारण त्यांच्या पुढच्या पोटात तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विष बरंचसं निकामी होतं. सशाकडे ते पोटच नाही. कांदा, लसूण, बटाटा, भात, पोळी, डाळीची चुनी, शेवचिवडा, हे सगळं बंद. वावराजवळ रुई, धोत्रा, कण्हेर, घाणेरी आणि गाजरगवत उगवतं, भाऱ्यात त्याचं पान आलं का ते निवडून पाहा.

आणि फवारणी. कपाशीला कीटकनाशकाचे हात सुरू झाले की धुऱ्यावरचं गवत स्वच्छ राहत नाही, वाऱ्यानं शेजारच्या वावरातलंही उडून येतं. तणनाशक मारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंच दिसतं. त्या महिन्यांत मी परसातलं, न्हाणीच्या पाण्यावर न वाढलेलं, फवारणीपासून लांबचं गवतच कापते. शेजाऱ्याला "काल काई मारलं काय?" एवढं विचारायला वेळ लागत नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. सशाला १५ ते २० अंश सेल्सियस हवा सुखाची वाटते, तीस ओलांडली की त्रास सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर, वर्धा ४५ च्या वर जातात. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो. बाहेरची हवाच अंगापेक्षा तापली तर कान काय करणार? ताप सहन होत नाही तसा तो खाणं सोडतो, आणि खाणं सुटलं की आतडं थांबतं. टिनाखाली ससा ठेवू नका. कवेलूचं किंवा मातीचं घर, जमिनीवर ओलं पोतं, खिडकीला वाळ्याचा तट्ट्या, कूलर असेल तर थेट झोत न येता त्याच खोलीत. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली तर ससा तिला टेकून पडतो. कानांना ओलं फडकं फिरवा, पण त्याला पाण्यात बुडवू नका. पाणी पसरट, जड वाडग्यात द्या, नळीच्या बाटलीपेक्षा ससा वाडग्यातून जास्त पितो. दोन किलोच्या सशाला एरवीही १०० ते ३०० मिलिलिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पावसाळ्यात माशी. शेपटीखाली लगदा लागलेला असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. त्या जिवंत मांस खातात. जून ते ऑक्टोबर रोज दोनदा सशाला उचलून मागचा भाग पाहा. अळी दिसली तर लगेच दवाखाना.

जंगली सशाबद्दल एक वाक्य, कारण निंदणाच्या वेळी वावरात पिलू सापडतं आणि पोरं घरी आणतात. तो आपला पाळीव ससा नव्हे, वेगळी जात आहे. त्याचं पिलू केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतं आणि आई त्याला एकटं ठेवून दिवसभर लांब राहते. ते टाकून दिलेलं नसतं. जिथं होतं तिथंच ठेवा. ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाही आहे.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, लेंड्या थांबणं. ससा ८ ते १२ तास काही खात नाही आणि लेंडी टाकत नाही, तर ती तातडीची वेळ आहे. "उद्या बघू" असं सशाच्या बाबतीत नसतं. आत काय घडतं ते पाहा. काहीतरी दुखलं, उकडलं, घाबरलं, फटाके वाजले, लग्नाचा डीजे रात्रभर घुमला, जोडीदार गेला, आणि त्यानं खाणं सोडलं. नवी काडी आत नाही, म्हणून आतडं मंदावलं. थांबलेल्या ऐवजातलं पाणी शोषलं जातं, तो सुकून घट्ट होतो, त्यात गिळलेले केस गुंततात. मागे पिशवीत वायू साठतो. वायूनं दुखतं, दुखलं म्हणून खात नाही. हे चक्र फिरत राहतं आणि उपाशी सशाच्या यकृतात चरबी साठू लागते. पोटात केसांचा गोळा सापडला की लोक केसांना दोष देतात, पण बहुतेक वेळा आतडं आधी थांबलेलं असतं आणि गोळा त्यानंतर झालेला असतो.

आमच्या कापशी नावाच्या मादी सशाला हे झालं, बोंड्यानंतर तीन वर्षांनी, मे महिन्यात. शेजारी लग्न होतं. रात्री नऊला तिनं मेथीची काडी घेतली होती. सकाळी सहाला खोक्यात फक्त अकरा लेंड्या, मिरीएवढ्या, काळ्या, कडक. ती डोळे अर्धे मिटून, पाय पोटाखाली घेऊन बसली होती, आणि जवळ कान नेला तर दात करकरा वाजत होते. ससा खुशीतही दात हलके वाजवतो, हात फिरवताना. हा आवाज तसा नव्हता. तिचं सगळ्यात आवडतं, कोथिंबिरीचं देठ, नाकाशी धरलं. तिनं तोंड फिरवलं. मी त्याच क्षणी पिशवी भरली.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. शांत, सावलीची जागा, पाणी आणि ताजं गवत समोर. कान थंडगार लागले तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी, कारण सशाचं अंग ३८.५ ते ४० अंशांत असायला हवं आणि त्याखाली उतरणं वाईट. तेल पाजू नका, सोडा नको, माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या नकोत. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल तर तोंडात काहीही भरवू नका, वाट खरोखर बंद असू शकते आणि भरवलेलं फाडून निघेल.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी आधी तिचं पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, दाढा पाहिल्या. म्हणाल्या, वाट बंद नाही, आतडं झोपलंय. दुखणं थांबवायचं इंजेक्शन आधी, कारण दुखतंय तोवर ती खाणार नाही. मग कातडीखाली सलाईन. गवताचं पीठ पाण्यात कालवून सिरिंजनं, ओठाच्या कडेनं, थोडं थोडं भरवायला दिलं. सगळ्याच गावांत सशाची सवय असलेले पशुवैद्यक नसतात, म्हणून फोन करून आधी विचारावं. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ क्रमांक आहे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकोल्यालाही पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. आपल्याला कोणतं जवळ पडतं ते ससा बरा असतानाच पाहून ठेवा, आणि जाताना त्या दिवसाच्या लेंड्या कागदात बांधून न्या. मॅडमनी त्या अकरा लेंड्या फोडून पाहिल्या आणि अर्धं निदान तिथेच केलं.

रात्री आम्ही दर दोन तासांनी भरवत होतो. पोरगा कंदिलाएवढा बारका दिवा लावून खोक्याशी बसला होता. तीनच्या सुमारास म्हणाला, "आई, पडली वो." एकच लेंडी, लांबट, केसात अडकलेली. पाचपर्यंत आणखी सहा. सकाळी कापशीनं हराळीची एक काडी स्वतःहून ओढली आणि ती संपेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. चौथ्या दिवशी लेंड्या हरभऱ्याएवढ्या झाल्या, फिकट, कोरड्या, आणि बोटांत दाबली तर गवताचा भुगा.